बकुळ गेली, आणि गोट्या जेवत नाही

हातशिलाई (सोमवार, रात्री 11:20)

नमस्कार. मी सांगलीत गावभागात राहते, घरीच शिवणकाम करते. आमची मांजर बकुळ गेल्या गुरुवारी गेली. 13 वर्षांची होती, तिरंगी, पोटाकडून पांढरी. मूत्रपिंडं निकामी झाली होती. मे महिन्यापासून पाणी फार प्यायची, वाळूचा ट्रे दिवसातून तीनदा बदलावा लागायचा, आणि मी म्हणत राहिले की ऊनच तसं आहे. रक्त तपासलं तेव्हा क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडं किती काम करतात ते सांगणारा आकडा, 9 च्या वर. 12 दिवस रोज कातडीखाली सलाईन दिलं, शेवटचे दोन दिवस दवाखान्यातच होती, तिथेच गेली.

प्रश्न गोट्याचा आहे. गोट्या म्हणजे आमचा पिवळा बोका, 2019 च्या महापुरातला. त्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी 57 फुटांवर गेलं होतं. आमच्या तळमजल्यात पुरुषभर पाणी. बकुळला भाजीच्या पिशवीत घालून आम्ही समोरच्यांच्या दुसऱ्या मजल्यावर जाऊन राहिलो होतो. पाणी ओसरल्यावर घर उपसायला आलो, तर शेजारच्या बंद दुकानाच्या शटरपाशी चिखलात हे मुठीएवढं पिल्लू ओरडत होतं. डोळे चिकटलेले. बकुळचं ऑपरेशन आधीच झालेलं, तिला कधी पिल्लं नव्हती. पण तिनं त्याला मानेला धरून उचललं आणि दोन दिवस नुसतं चाटत बसली. चिखल निघाला तेव्हा कळलं की पोरगं पिवळं आहे. म्हणजे बघा, बकुळ नसलेलं घर त्याला माहीतच नाही.

गुरुवारी, शुक्रवारी थोडंथोडं खाल्लं. शनिवारी सकाळी वाटीपाशी गेला, वास घेतला, मान वाकडी करून एक घास तोंडात घेतला आणि टाकून दिला. तेव्हापासून चिकनचं पाणी चमचा-दोन चमचे, तेवढंच. रात्री 2 च्या सुमाराला मधल्या दारात बसून ओरडतो. नेहमीचं म्यांव नाही ते. लांब, खोल, पोटातून येणारं. माझ्या मशीनशेजारी चिंध्यांची टोपली असते, ती बकुळची जागा. तिथे जातो, हुंगतो, पण आत पाय टाकत नाही. टोपलीला अंग लावून फरशीवर बसून राहतो.

एक गोष्ट मला फार लागून राहिली आहे. शुक्रवारी शेजारच्या बाई म्हणाल्या, आजारी जनावराचं सगळं धुऊन काढा. मी तिची वाकळ गरम पाण्यात घातली, वाट्या घासून माळ्यावर टाकल्या, सगळं घर फिनेलनं पुसलं. संध्याकाळी गोट्या वाकळेची घडी हुंगत होता आणि माझ्याकडे बघत होता. तिचा जो काही वास उरला होता, तो मी माझ्या हातानं घालवला. त्यानं तिला गेलेलं बघितलंही नाही. मांजर न्यायच्या पेटीतून ती दवाखान्यात गेली, पेटी रिकामी परत आली. ती पेटी बघून तो कपाटाखाली शिरला, दोन तास बाहेर आला नाही.

सासूबाईंना आम्ही आत्या म्हणतो. 78 वर्षांच्या आहेत, सकाळचं खाणं दोघांना त्याच घालायच्या. अजूनही सकाळी वाटी वाजवून "ये गं बकुळे, ये रे गोट्या" म्हणतात. नाव घेतलं की हा कान टवकारतो, दाराकडे बघतो. मग आत्या पदर तोंडाला लावतात. त्यांना म्हणू का की तिचं नाव घेऊ नका? माझ्यानं बोलवत नाही. आणि मालक म्हणतात, किराणा दुकानाच्या मागं मांजरीला चार पिल्लं झालीत, त्यातलं एक आणू, याला सोबत होईल.

तो असा किती दिवस राहील? गणपती आठ दिवसांवर आलेत, 40 ब्लाऊज पडलेत, आणि मी मशीन सोडून त्याच्याशेजारी फरशीवर बसते. कुणाचं मांजर यातून गेलं असेल तर सांगा.

गोठा ते घर (सोमवार, रात्री 11:55)

ताई, मी पशुवैद्यक आहे. 31 वर्षं सरकारी नोकरीत गाईम्हशी केल्या, निवृत्त झाल्यापासून नाशकात कुत्री-मांजरं बघतो. दुःखाचं उद्या बोलू. आज रात्री एवढं वाचा.

शनिवार सकाळ ते सोमवार रात्र म्हणजे अडीच दिवस. माणूस चार दिवस उपास काढतो, मांजराचं तसं नाही. पोटात काही गेलं नाही की त्याचं शरीर साठवलेली चरबी लिव्हरकडे पाठवायला लागतं, आणि मांजराच्या लिव्हरला ती झेपत नाही, तिथेच साचते. दोन-तीन दिवसांत हे सुरू होऊ शकतं, अंगानं भरलेल्या बोक्यात जास्त. एकदा साचली की भूक आणखी मरते, मग नळीनं भरवायची वेळ येते. म्हणून उद्या सकाळी दवाखाना उघडला की पहिला नंबर तुमचा. "अजून एक दिवस बघू" नको. कानाच्या आतल्या बाजूला किंवा हिरड्यांवर पिवळी झाक दिसली तर सकाळचीही वाट बघू नका.

दुसरं, तुम्ही लिहिलंय की मान वाकडी करून घास घेतला आणि टाकला. दुःखात असलेलं मांजर वाटीकडे फिरकत नाही, किंवा हुंगून निघून जातं. घास घेऊन टाकणारं मांजर बहुतेक वेळा मला सांगत असतं की तोंडात दुखतंय. दात, हिरडी किंवा जीभ.

आणि तुमच्या घरात दोरा आहे. हे मी मुद्दाम लिहितो आहे. शिवणाऱ्यांच्या घरातली मांजरं दोरा गिळतात, काही वेळा सुईसकट. त्याचा फास जिभेच्या मुळाशी अडकतो, दुसरं टोक आतड्यात उतरतं. उद्या उजेडात एकानं धरून, एकानं तोंड उघडून जिभेखाली बघा. चावायला लागला तर सोडून द्या, डॉक्टर बघतील. दोरा दिसला तर ओढायचा नाही. मागून लोंबत असेल तरी नाही. आतडं त्या दोऱ्यावर चुण्यांसारखं गोळा झालेलं असतं, ओढलं की चिरतं. चुण्या म्हणजे काय ते तुम्हाला सांगायला नको.

तिसरं, लघवी. तो बोका आहे, नळी अरुंद असते, आणि ताणानं मूत्राशयाला सूज येते. ट्रेमध्ये पुन्हापुन्हा बसतोय, जोर करतोय आणि वाळू कोरडीच, असं दिसलं तर रात्रीचे 3 वाजले असले तरी डॉक्टरांना उठवा. एका दिवसात जीव जाऊ शकतो. आज त्यानं लघवी केली का, ते बघून लगेच लिहा.

फिनेल बंद करा. मांजराच्या लिव्हरला ते पचत नाही, आणि फरशीवरचं पंजाला लागून ते चाटतं. साबणाच्या पाण्यानं पुसा. घरातलं माणसाचं कसलंही दुखण्याचं औषध देऊ नका. पॅरासिटामॉलची अर्धी गोळीसुद्धा मांजराला मारते.

हातशिलाई (मंगळवार, पहाटे 12:20)

लघवी केली आहे. दोनदा, नेहमीएवढी. कानात पिवळं दिसत नाही. सकाळी जाते. दोऱ्याचं वाचून हात गार पडले. सगळी रिळं आत्ता डब्यात भरून ठेवली.

बांधावरची (मंगळवार, सकाळी 7:10)

हातशिलाई ताई, मी मालवणजवळच्या एका वाडीतली. दवाखान्याचं डॉक्टरांनी सांगितलंच आहे, मी फक्त तुमच्या वाकळेबद्दल लिहिते.

आमच्याकडे काळू आणि सखू अशी दोन मांजरं होती. काळू गाडीखाली सापडला. वडील त्याला घेऊन आले, पडवीत ठेवला, सखूला जवळ येऊ दिलं. तिनं नाकाला नाक लावलं, पोटाशी हुंगलं, मागं सरली आणि जाऊन चुलीमागं बसली. काका म्हणाला, "तेका समजला." फणसाखाली पुरला. तर सगळ्यांना वाटलं की आता ती शोधणार नाही. ताई, महिनाभर शोधत होती. रोज तिन्हीसांजेला पडवीच्या पायरीवर, तो यायचा त्याच वेळेला. तिनं बघितलं होतं, वास घेतला होता, तरीही. त्यामुळे गोट्यानं बघितलं नाही म्हणून तो शोधतोय, हे मनातून काढून टाका. बघितलं असतं तरी त्यानं दार धरलंच असतं.

आणि वास गेला म्हणता, तर तो टोपलीत आहे की. म्हणून तर तो तिथे बसतो. ती टोपली झटकू नका, रिकामी करू नका, जागेवरून हलवू नका. शिवणाला जागा कमी पडली तरी चालेल.

खायला देताना कोमट करून द्या, थंड खाण्याला वास नसतो. चिकन नुसतं पाण्यात शिजवा, कांदा-लसूण-मीठ काही नको. कांदा-लसूण मांजराला विषच. आम्ही बांगडा उकडून काटे काढून बोटावर देतो. सुकी मासळी नको, तिला मीठ फार असतं. आणि बकुळची वाटी माळ्यावरून काढून पुन्हा तिच्या जागेवर ठेवून बघा. सखू एका वाटीत कधी जेवली नाही.

हातशिलाई (मंगळवार, दुपारी 2:40)

जाऊन आले. दोरा नाही. डॉक्टरांनी तोंड उघडून दाखवलं, डावीकडची मागची दाढ मुळापाशी कुजली आहे आणि भोवतीची हिरडी लालभडक. बोट लावल्याबरोबर त्याचा जबडा थरथरला. वजन 4 किलो 700 भरलं, मार्चमध्ये लस दिली तेव्हा 5 किलो 200 होतं. रक्त घेतलं, लिव्हर अजून ठीक आहे म्हणाले. सलाईन दिलं, दुखण्याचं इंजेक्शन दिलं, अँटिबायोटिक सुरू केलं. दाढ काढावी लागेल, पण आधी त्यानं खायला हवं, अंगात ताकद यायला हवी.

मी पाच दिवस त्याच्याशेजारी बसून त्याला सांगत होते की मलाही तिची आठवण येते. आणि त्याची दाढ दुखत होती.

पेटीत घालताना फार झटापट झाली. माझ्या हातावर ओरखडे आहेत. वाटेत एकदाही ओरडला नाही, नुसता थरथरत होता. त्याला काय वाटलं असेल ते मला कळतं. त्या पेटीतून गेलेलं परत आलेलं त्यानं पाहिलेलं नाही.

गोठा ते घर (मंगळवार, दुपारी 3:30)

बरं झालं गेलात. आता स्वतःला बोल लावू नका. दाढ एका आठवड्यात कुजत नाही, महिनोन्महिने चाललेलं असतं. मांजर दुखणं लपवतं, तो त्याचा स्वभावच आहे. बकुळ असताना तो दुखरी बाजू सांभाळून रेटून खात होता, ती गेल्यावर ते रेटणं सुटलं. दोन्ही खरं आहे. दाढही दुखते आणि तीही नाही. तुम्ही शेजारी बसलात ते वाया गेलेलं नाही, तुम्ही बसलात म्हणून मान वाकडी करण्याचं दिसलं.

रोज एकाच वेळी वजन करा. त्याला उचलून काट्यावर उभ्या राहा, मग एकट्या उभ्या राहा, वजाबाकी करा. 100 ग्रॅमचा फरक दिसणारा काटा हवा. वहीत लिहा. उद्या-परवा खाण्यात फरक पडला नाही तर भूक वाढवायचं औषध असतं, तुमच्या डॉक्टरांना विचारा.

पेटीचं: ती माळ्यावर ठेवू नका. दार काढून किंवा बांधून उघडं ठेवा, खाली ठेवा, चार दिवस तिच्याकडे कुणी बघूच नका. मग तिच्या तोंडाशी एक घास. मग उंबऱ्यावर. मग आत. दाढ काढायला न्यायचंच आहे, तोवर ती पेटी घरातलं सामान झाली पाहिजे.

शनिवारातली (मंगळवार, रात्री 9:15)

पिल्लाबद्दल मी लिहिते, कारण ती चूक मी केली आहे. पुण्यात राहते, दोन खोल्या. चिमणी गेली तेव्हा राणी 7 वर्षांची होती. मी आठव्या दिवशी पिल्लू आणलं. दार उघडलं आणि पिल्लू राणीसमोर ठेवलं. मला वाटलं होतं की ती चाटेल.

राणी फिस्कारली, कपाटावर चढली आणि दोन दिवस खाली उतरली नाही. मग माझ्या गादीवर लघवी केली, मग लघवीतून रक्त. डॉक्टर म्हणाले जंतू नाहीत, ताण आहे. एक सोबतीण गेली त्याला आठवडा होतो न होतो, तोच घराचा वास बदलला, वाटी बदलली, झोपायची जागा गेली. पिल्लाचा त्यात काय दोष? मला चिमणीची रिकामी उशी बघवत नव्हती, म्हणून मी ते आणलं होतं. राणीला कुणी विचारलंच नव्हतं.

मग सगळं पहिल्यापासून केलं. पिल्लाला न्हाणीघरात वेगळं ठेवलं, वेगळी वाळू, वेगळी वाटी. एका फडक्यानं पिल्लाचे गाल पुसायचे आणि ते फडकं राणीच्या वाटीशेजारी ठेवायचं, तिचं त्याच्याकडे. बंद दाराच्या दोन बाजूंना दोघांना जेवण, रोज वीतभर जवळ. तीन आठवड्यांनी दार बोटभर उघडलं. एका सोफ्यावर झोपायला अडीच महिने लागले. राणीनं त्याला कधीच चाटलं नाही. शेजारी बसते, बस्. तेवढं मला आता पुरतं.

तर ताई, आत्ता आणू नका. गोट्याचं तोंड दुखतंय, त्यात चार महिन्यांचं पोर त्याच्या शेपटीवर उड्या मारेल. आणि दुकानामागचं पिल्लू म्हणजे लस झालेली नसणार. पॅनल्युकोपेनिया, म्हणजे मांजरांचा तो जीवघेणा साथीचा आजार, आला तर त्याचा विषाणू घरात वर्षभर टिकून राहू शकतो. गोट्याची लस झाली आहे हे वाचून बरं वाटलं. त्या चार पिल्लांचं करायचंच असेल तर त्यांच्या आईचं ऑपरेशन करून द्या.

सागवान (बुधवार, सकाळी 10:05)

मी ग्रंथालयात काम करते. माझी मनू गेली तेव्हा दुसरीला काय होतंय ते कळेना म्हणून मी बरंच वाचून काढलं होतं. त्यातलं तुमच्या प्रश्नांपुरतं सांगते.

किती दिवस, असं विचारलंत. 2016 साली न्यूझीलंड-ऑस्ट्रेलियातल्या पाळणाऱ्यांना विचारून एक अभ्यास झाला होता, 152 मांजरांची माहिती त्यात होती. सोबती गेल्यावर निम्म्याला थोडी कमी, 43 टक्के मांजरं जास्त वेळा ओरडायला लागली होती. 78 टक्क्यांमध्ये मायेचं वागणं बदललं होतं, म्हणजे माणसाला चिकटणं, लक्ष मागणं, गेलेल्याच्या जागेवर जाऊन बसणं. बहुतेकांचं सहा महिन्यांच्या आत निवळलं. म्हणजे मधल्या दारातली ती हाक तुमच्या एकटीच्या घरात नाही.

अमेरिकेत मिशिगनमधल्या ओकलंड विद्यापीठाचा 2024 चा अभ्यास आहे, चारशेच्या वर लोकांना विचारलेलं. तिथेही झोप, खेळ, खाणं कमी झालेलं दिसलं, आणि ज्यांचं एकमेकांशी जास्त जमायचं त्यांच्यात जास्त. पण संशोधकांनी स्वतःच एक गोष्ट लिहून ठेवली आहे: सांगणारा माणूसच दुःखात असतो, त्यामुळे आपलं दुःख तो मांजरात पाहत असण्याची शक्यता आहे. तुमच्या दाढेच्या गोष्टीनंतर मला हे फार पटलं. दुःख खरं असतं, पण त्याच्या नावाखाली दुसरं काही दडून राहू नये.

आता आत्यांचं. क्योटो विद्यापीठातल्या संशोधकांनी 2022 मध्ये एक प्रयोग छापला. घरातल्या मांजराला त्याच्या सोबत्याचं नाव ऐकवायचे आणि मग पडद्यावर चेहरा दाखवायचे. नाव एकाचं आणि चेहरा दुसऱ्याचा आला की मांजर जास्त वेळ बघत राहायचं. म्हणजे नाव ऐकल्यावर कुणाचा चेहरा यायला हवा ते त्याला ठाऊक होतं. मांजरांच्या कॅफेत राहणाऱ्यांना हे जमलं नाही, घरातल्यांना जमलं. माझं मत विचाराल तर गोट्याला "बकुळ" म्हणजे कोण ते कळतं.

तरी आत्यांना थांबवू नका असंच मी म्हणेन. ते नाव त्यांच्या तोंडी 13 वर्षं आहे. फक्त नाव घेतल्यावर तिथेच थांबू नका म्हणावं, लगेच गोट्याला हाक मारून त्याच्या पुढ्यात काहीतरी द्यावं. नुसती हाक आणि पुढं काहीच नाही, असं झालं की तो दाराकडे बघत राहतो.

रात्रीचं ओरडणं माझ्याकडे असं कमी झालं: झोपायच्या आधी दहा मिनिटं काठीला चिंधी बांधून दमेपर्यंत खेळवायचं, मग लगेच खायला घालायचं. चिंधी खेळून झाली की उचलून ठेवा. दोऱ्याचं वर वाचलंच आहे.

हातशिलाई (रविवार, रात्री 10:30)

सगळ्यांचं पुन्हापुन्हा वाचलं. आत्यांनाही वाचून दाखवलं.

बुधवारी संध्याकाळी तो जेवला. वाटीभर नाही, पण जेवला. चिकन मिक्सरमधून काढून कोमट करून दिलं होतं. आधी बोटावरचं चाटलं, मग वाटीतलं. मी बकुळची वाटीही तिच्या जागेवर ठेवली होती. पहिल्यांदा तिच्या वाटीशी गेला, ती हुंगली, मग स्वतःच्या वाटीकडे आला. गेले चार दिवस रोज हेच करतो. काल आत्यांनी तिच्या वाटीतही चमचाभर घातलं, तर त्याला तोंड लावलं नाही. आधी आपलं संपवलं, मग तिथे जाऊन बसला. शेवटी कावळ्याला घातलं. आत्या म्हणाल्या, "जित्राब असलं म्हनून काय झालं, त्येला तिचा वाटा कळतोय."

वजन आज 4 किलो 800.

नावाचं आत्यांना सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, मी तिला हाक मारत नाही गं, तोंडातून जातं. आता "बकुळे" तोंडातून गेलं की लगेच त्याच्या डोक्यावर हात ठेवतात. परवा त्या दुपारी त्याला मांडीवर घेऊन बसल्या होत्या. इतक्या वर्षांत तो त्यांच्या मांडीवर कधी गेला नव्हता, ती जागा बकुळची असायची. दोघंही झोपले होते.

रात्री अजून ओरडतो, पण आता उठून "गोट्या" म्हटलं की येतो, पायाशी पडतो. पिल्लाचं मालकांना सांगितलं. त्यांनी त्या मांजरीच्या ऑपरेशनचं दुकानदाराशी बोलून ठेवलंय, निम्मा खर्च आम्ही देणार.

बांधावरची (सोमवार, सकाळी 6:50)

रडवलंत सकाळी. त्या दोन वाट्या राहू देत. सखूची दुसरी वाटी आम्ही आठ महिन्यांनी उचलली, तिनं स्वतःच तिकडं जायचं सोडलं तेव्हा.

हातशिलाई (पाच आठवड्यांनी, गुरुवार, रात्री 9:40)

गणपती झाले, नवरात्राच्या घागऱ्यांची गर्दी झाली, लिहायचं राहून गेलं. कुणी वाचत असेल तर सांगते.

दाढ परवा शनिवारी काढायची आहे. मधे दोनदा पुढं ढकलली, एकदा त्याला सर्दी झाली म्हणून, एकदा माझ्यामुळे. मी घाबरले. बकुळला तिथेच सोडून आले होते, त्याच टेबलावर त्याला ठेवायचं माझ्यानं होईना. डॉक्टर रागावले नाहीत. म्हणाले, भूल द्यायच्या आधी तुम्ही थांबा, झोपेपर्यंत हात ठेवून उभ्या राहा. आता वजन 5 किलो 100 आहे. अंगाला चकाकी आली आहे.

रात्रीचं ओरडणं आठवड्यातून एखाद्या वेळी. मधल्या दारात बसतो अजून, पण तोंड घराकडे करून. टोपलीत पहिल्यांदा गेला तो घटस्थापनेच्या आदल्या दिवशी. मी अस्तर कापत होते, वर बघितलं तर आत गोल करून बसलेला, नाक एका हिरव्या चिंधीत खुपसलेलं. त्या चिंधीला तिचे पांढरे केस आहेत. कात्री तशीच धरून मी किती वेळ बसले कुणास ठाऊक. टोपली आता ओसंडून वाहते, नव्या चिंध्या मी दुसऱ्या पिशवीत टाकते. आत्या म्हणत होत्या यंदा त्यातून वाकळ शिवू. मी म्हटलं, पुढच्या वर्षी.

पेटीचं तुम्ही सांगितलं तसंच केलं, गोठा ते घर. दार सुतळीनं मागं बांधून मशीनच्या पलीकडे ठेवली. पहिले दहा दिवस तो लांबून वळसा घालून जायचा. मग तोंडाशी चिकनचा तुकडा, मग उंबऱ्यावर. मागच्या आठवड्यात अर्धं अंग आत घालून खाल्लं, मागचे पाय बाहेर, पळायच्या तयारीत. आत मी ती धुतलेली वाकळ घातली आहे. तिला आता कुणाचा वास आहे कळत नाही. साबणाचा, माझा, थोडा त्याचाही असेल.

भूल द्यायची म्हणून शुक्रवारी रात्रीपासून किती वेळ उपाशी ठेवायचं? आधीच्या त्या उपाशी दिवसांमुळे मनात भीती बसली आहे.

गोठा ते घर (गुरुवार, रात्री 10:15)

तुमचे डॉक्टर सांगतील तेवढेच तास, त्यांना उद्या फोन करून विचारा. तेवढ्यानं लिव्हरला काही होत नाही, ते दोन-तीन दिवसांच्या उपासाचं आहे. शुक्रवारी शेवटचं जेवण पोटभर द्या. घरी आणल्यावर संध्याकाळी मऊ, कोमट, थोडंथोडं. आल्यावर अंगाला दवाखान्याचा वास येईल, तो चाटून काढत बसेल, काढू द्या. झोकांड्या खात असेल तर उंचावर चढू देऊ नका. शनिवारी रात्री इथे लिहा, मी बघतो.

हातशिलाई (शुक्रवार, सकाळी 6:30)

लिहीन नक्की. आत्ता उठले तर तो टोपलीत नव्हता, मशीनखाली नव्हता, आत्यांच्या अंथरुणात नव्हता. माझा जीव वर आला. पेटीत होता. अख्खा आत, वाकळेवर, पाय पोटाशी घेऊन झोपलेला. दिवा न लावता बाहेर आले.